तिसऱ्या दिवशी सावडणं

आमच्याकडं माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. अलीकडं आपल्या देशातल्या कसोटी सामन्यांचंही तसंच व्हायला लागलंय. गुरुवारी नाणेफेक, शनिवारी सावडणं. पाच दिवसांचा म्हणून सांगितलेला खेळ तिसऱ्या दिवशी राख होऊन पडतो, आणि टीव्हीवरची मंडळी म्हणतात, काय थरारक सामना झाला! मला याचा राग आहे. तो इथं मांडतो.

मी दहावी शिकलेला माणूस. मोठ्या मैदानावर कधी खेळलो नाही. गावच्या गायरानात फळकुटाची बॅट आणि चिंध्यांचा चेंडू, एवढाच माझा खेळ. पण घरच्या कसोटी मालिका पन्नास वर्षं ऐकत आणि बघत आलोय. आणि दुसरं म्हंजे, खेळपट्टी खेळपट्टी म्हणतात ती शेवटी असते काय? माती, पाणी, गवत आणि वरून फिरणारा रोलर. यातलं रोलर सोडून बाकीच्या तिन्ही गोष्टींत माझा जन्म गेला. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे, असं मी धरून चालतो.

आधी हिशेब बघा. २०१७, पुणे, ऑस्ट्रेलिया : तीन दिवस. २०२१, अहमदाबाद, इंग्लंड : दोन दिवस. २०२३, इंदूर, ऑस्ट्रेलिया : तिसऱ्या दिवशी सकाळीच आटोपलं. २०२४, पुणे आणि लगेच मुंबई, न्यूझीलंड : तीन-तीन दिवस. २०२५, कोलकाता, दक्षिण आफ्रिका : तीन दिवस. या सहांपैकी अहमदाबाद तेवढं आपण जिंकलो. बाकी पाचही हरलो. खड्डा आपणच खणला, आणि पाहुण्याला म्हटलं आधी तुम्ही, आणि पडलो आपणच.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याला कशाला पाहिजे पाच दिवसांचा खेळ? रिकामा वेळ लई झाला काय? आमच्या घरातूनही हे ऐकावं लागतं. "अवो, त्या खेळापायी म्हशीच्या धारा राहत्याल," असं मंडळी कैक वर्षं म्हणत आली. धार कधी राहिली नाही. कारण घरच्या कसोटीचं वेळापत्रक आणि रानाचं वेळापत्रक हे जवळपास एकच आहे. साडेनऊला खेळ सुरू, तोवर आमची सकाळची कामं उरकलेली असतात. साडेअकराला त्यांचं जेवण, तेव्हा आमच्या भाकरीचं फडकं सुटतं. दोन-सव्वादोनला चहा, साडेचारला खेळ संपला की जनावरं घराकडं. हंगामही तोच. दसऱ्यानंतर ज्वारी-हरभऱ्याच्या पेरण्या, तेव्हा मालिका सुरू होतात आणि ज्वारीची काढणी होईपर्यंत चालतात. वीस षटकांचा खेळ रात्रीचा असतो. रात्री आम्हाला लाईट असते, पाणी धरायचं असतं. झगमगाट आणि नाचगाणी बघायला आम्ही जागे असतो खरे, पण बांधावर, बॅटरी हातात घेऊन.

म्हणजे कसोटी हा शहरातल्या सायबाचा खेळ आणि वीस षटकं हा सामान्य माणसाचा, असं जे सांगतात ते मला पटत नाही. काम करता करता ज्याच्यावर कान ठेवता येतो, चार षटकं चुकली तरी काही बुडत नाही आणि संध्याकाळी ज्यावर बोलता येतं, असा एकच खेळ आहे. तो आमचाच आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायचो. मातीच्या पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी. तिथल्या मुकादमाकडं चामड्याच्या वेष्टनातला ट्रान्झिस्टर होता. त्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ आला होता, टोनी लुईस त्यांचा कर्णधार आणि आपला अजित वाडेकर. दिल्लीची पहिली कसोटी हरलो. दुसरी कोलकात्याला. त्या सामन्यात धावा फार नव्हत्या. आपल्या २१० आणि १५५, त्यांच्या १७४ आणि १६३. पण खेळ पाचव्या दिवसापर्यंत गेला. त्या काळी मधे एक विश्रांतीचा दिवसही असायचा, म्हणजे वाट बघायला आणखी एक दिवस. हिंदी आणि इंग्रजी आलटून पालटून चालायचं, इंग्रजी आलं की मुकादम आवाज बारीक करायचा, सेल वाचवायला. मुंबईला सामना असला म्हणजे बाळ ज. पंडितांचं मराठी ऐकायला मिळायचं, तेव्हा आयाबायासुद्धा पाटी ठेवून ऐकायच्या. कोलकात्याला आपण २८ धावांनी जिंकलो, पुढं चेन्नईलाही जिंकलो आणि मालिका २-१ अशी घेतली. चंद्रशेखरनं त्या मालिकेत ३५ बळी घेतले. एका मालिकेत इतके बळी आजवर दुसऱ्या भारतीयाला जमलेले नाहीत.

हे सांगायचं कारण असं की फिरकीला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट यांच्यावर आमची पिढी वाढली. फिरकी हे आपलं देशी वाण आहे. पण चांगला फिरकी गोलंदाज वेगळा आणि भुसभुशीत माती वेगळी. चंद्रानं बळी मनगटानं काढले. आता मनगटाचं काम मातीवर ढकललं जातंय, हे माझं दुखणं आहे.

आता मातीकडं येतो. नव्या पोरांना खळं माहीत नाही, कारण मळणी यंत्र आल्यापासून खळी गेली. पूर्वी सुगीच्या आधी खळं करायचं म्हणजे मोठं काम असायचं. आधी जागा धरायची, खुंट-हरळी काढायची, पाणी शिंपायचं, बैल फिरवायचे, परत पाणी, मग धुम्मस मारायची. एक पाणी जास्त झालं तर चिखल, एक कमी झालं तर फुफाटा. शेवटी शेणानं सारवायचं आणि उन्हानं कडक होऊ द्यायचं. मग मधोमध तिवडा रोवायचा. असं खळं सगळी सुगी टिकायचं. ज्यानं घाई केली त्याचं खळं दुसऱ्याच दिवशी उखडायचं. बैलांच्या खुरानं पापुद्रे निघायचे आणि ज्वारीत माती मिसळायची. त्या ज्वारीची भाकरी दाताखाली कचकच करते. वाण कितीही चांगलं असू द्या, खळं कच्चं असलं की भाकरी कचकचणारच.

खेळपट्टी हे खळंच आहे. सहासष्ट फूट लांब, दहा फूट रुंद. चिकण माती लागते, कारण ती पाणी धरते. पाणी देऊन रोलरनं दाबली की ती घट्ट बसते. गवताची मुळं तिला आतून बांधून ठेवतात. मग ती पाच दिवसांत हळूहळू वाळते. पहिल्या सकाळी आत ओल असते, तेव्हा वेगवान गोलंदाजाची चंगळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फलंदाजाचं राज्य. चौथ्या दिवशी भेगा रुंदावतात, गोलंदाजांच्या बुटांनी खड्डे पडतात आणि फिरकीवाला बाह्या सरसावतो. प्रत्येकाची पाळी येते. पेरा, फुटवा, निसवण आणि काढणी, तसंच हे. ही सगळी अवस्था बघायची म्हणून तर पाच दिवस.

आणि हे मोडायचं कसं? फार सोपं आहे. सामन्याच्या आधी काही दिवस पाणी तोडायचं, गवत खरवडून काढायचं, रोलर कमी फिरवायचा. पहिल्याच दुपारी फुफाटा उडतो. पहिल्या दिवसाची ओल नाही, दुसऱ्याची निवांत फलंदाजी नाही, एकदम पाचव्या दिवसाची माती. पेरल्या पेरल्या कापणीला बसायचं. आम्ही डाळिंबवाले बागेला ताण देतो, पाणी तोडतो, पानगळ करतो, मग बहार धरतो. त्याला रान बघावं लागतं. हलक्या मुरमाड रानात ताण लवकर बसतो, काळ्या भारी रानात वेळ लागतो. ताण हिशेबात दिला तर झाड फुलतं. शेजाऱ्याच्या आधी माल बाजारात न्यायच्या हव्यासानं वाढवला तर झाड जळतं. आपल्या संघाच्या कारभाऱ्यांनी खेळपट्टीला दिलेला ताण हा हव्यासाचा आहे.

पुरावा पाहिजे असेल तर लांब जायला नको. पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर आजवर तीन कसोटी झाल्या.

पहिली २०१७ ची. माती कोरडी ठणठणीत. आपण १०५ आणि १०७ मध्ये गुंडाळले गेलो आणि ३३३ धावांनी हरलो. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६, असे १२ बळी घेतले. आयसीसीनं त्या खेळपट्टीला 'निकृष्ट' असा शेरा मारला.

दुसरी २०१९ ची, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. या वेळी खेळपट्टी धडधाकट होती. विराट कोहलीनं नाबाद २५४ केले, आपण ५ बाद ६०१ वर डाव सोडला. मग गोलंदाजांनी घाम गाळला, पाहुण्यांना फॉलोऑन दिला आणि चौथ्या दिवशी एक डाव आणि १३७ धावांनी जिंकलो.

तिसरी २०२४ ची. बंगळूरला न्यूझीलंडनं आपल्याला ४६ धावांत बाद केलं होतं, मायदेशातली आपली सगळ्यात कमी धावसंख्या. चेंडू हवेत आणि टप्प्यावर हलत होता, तिथली गोष्ट वेगळी होती. पण घाबरून गहुंज्याला परत फिरकीचं रान केलं. मिचेल सँटनरनं ७ आणि ६ असे १३ बळी घेतले आणि आपण ११३ धावांनी हरलो. त्याआधी या सँटनरला कसोटीत एका डावात पाच बळी कधीच मिळाले नव्हते! घरच्या मैदानावर सलग अठरा मालिका जिंकत आलो होतो, बारा वर्षं. ती साखळी तिथं तुटली.

मैदान एकच, देश एकच. चांगली खेळपट्टी केली, जिंकलो. कच्ची केली, हरलो. दोनदा. एखाद्या शेतकऱ्यानं एकाच रानात एकाच चुकीनं दोनदा पीक घालवलं असतं तर पारावर त्याला कुणी बसू दिलं नसतं.

आणि वाराचा हिशेब बघा. तिन्ही सामने गुरुवारी सुरू झाले. २०१७ आणि २०२४ चे शनिवारी संपले. चौथा दिवस रविवार. खेड्यातला, कारखान्यातला, दुकानातला माणूस मैदानावर जाऊ शकतो तो रविवारीच. पोराला घेऊन, डबा बांधून, पहाटेची एसटी धरून. दोन्ही वेळा त्या रविवारी मैदान मोकळं. फक्त २०१९ च्या रविवारी लोकांनी डोळ्यांसमोर विजय बघितला. तिकिटाचे पैसे मिळतीलही परत. पण ज्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कसोटी दाखवायची होती, त्याचा तो रविवार परत कुठून आणणार?

मुंबईची गोष्ट तर दिवाळीत घडली. भाऊबीजेच्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, १४७ धावा करायच्या होत्या. १२१ ला आटोपलो. ऋषभ पंतच्या ६४ वगळल्या तर हातात काही राहत नाही. अकरा बळी घेणारा एजाज पटेल मुंबईतच जन्मलेला, न्यूझीलंडकडून खेळणारा. तो चांगला गोलंदाज आहे, वानखेडेवर एका डावात दहाच्या दहा बळी त्यानं २०२१ मध्येच घेतले होते. असा माणूस समोर असताना त्याच्याच हातात विळा द्यायचा ही कुठली अक्कल? तीन सामन्यांच्या मालिकेत घरी सपाटून ०-३ हरायची वेळ आपल्यावर त्याआधी कधी आली नव्हती.

यामागचं कारण पारावर बसून मी कैकदा सांगितलंय. पाऊसपाणी बरं असलं म्हणजे कष्टाळू शेतकऱ्याचं रान आणि आळशाचं रान लांबून ओळखू येतं. दुष्काळात दोघांचंही रान सारखंच उजाड. कच्च्या खेळपट्टीवर तसं होतं. तिथं थोर गोलंदाज आणि बेताचा गोलंदाज यांतला फरक पुसला जातो. अहमदाबादला २०२१ मध्ये जो रूटनं ८ धावांत ५ बळी घेतले. रूट हा फलंदाज! आपण तो सामना दहा गडी राखून जिंकलो, पण इंग्लंड ११२ आणि ८१, आपण १४५, याला काय कसोटी म्हणायचं? ज्याच्याकडं चांगलं बियाणं आहे त्यानं दुष्काळ मागायचा नसतो. आपल्याकडं अश्विन, जडेजा, कुलदीप, बुमरा असे गोलंदाज असताना आपण दुष्काळ मागितला.

उलट दाखला लगेच देतो. २०२४ च्याच सुरुवातीला इंग्लंड आलं होतं. पाच कसोटी. कोहली सबंध मालिकेत नव्हता. पहिली हैदराबादला हरलो. त्या वेळी घाबरून कुणी माती उकरली नाही. विशाखापट्टणम, राजकोट, रांची, बऱ्या खेळपट्ट्या होत्या, पहिले चारही सामने चौथ्या दिवसापर्यंत गेले. विशाखापट्टणमच्या साध्या खेळपट्टीवर बुमरानं ४५ धावांत ६ बळी काढले. बाविशीतल्या यशस्वी जयस्वालनं दोन द्विशतकं आणि मालिकेत ७१२ धावा केल्या. मालिका ४-१ अशी जिंकली. त्याच वर्षी कानपूरला बांगलादेशाविरुद्ध दोन दिवस पुरते पावसात गेले, पहिल्या दिवशीही ३५ षटकंच झाली. तरी आपण बेधडक फलंदाजी केली, ९ बाद २८५ वर डाव सोडला आणि पाचव्या दिवशी सामना जिंकला. निकाल पाहिजे असला तर तो हिमतीनं काढता येतो. त्यासाठी माती मारावी लागत नाही. आणि हे सगळं पुण्याच्या सामन्याआधी महिनाभर झालेलं!

पारावरची पोरं आता ऐकून घेत नाहीत. ती हुशार आहेत, मोबाईलवर सगळं बघतात. त्यांची म्हणणी एकेक घेतो.

पहिलं म्हणणं, "आबा, सगळेच देश घरी आपल्या सोयीची खेळपट्टी करतात. पर्थला बघा, ॲशेसचा सामना दोन दिवसांत संपला." संपला, २०२५ मध्ये. तेही मला आवडलं नाही. पण शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून आपण आपलीच विहीर बुजवायची का? घरचा फायदा घ्यावा, जरूर घ्यावा. इथलं ऊन, इथली चौथ्या दिवसाची फिरकी, इथला प्रेक्षकांचा गलका, एवढं पाहुण्याला पुरे आहे. बारा वर्षं तेवढ्यावरच जिंकलो.

दुसरं म्हणणं, "मग काय सडकेसारख्या खेळपट्ट्या करायच्या? पाच दिवस नुसत्या धावा आणि शेवटी बरोबरी?" नाही. ते मी भोगलंय. १९८१-८२ ला इंग्लंडबरोबर सहा कसोटी झाल्या. मुंबईची पहिली आपण जिंकली आणि पुढचे पाचही सामने अनिर्णित. रेडिओला कान लावून लावून कान दुखले. रेताड रानही नको आणि दलदलही नको. मी मधलं मागतोय. मधलं करता येतं, ते २०१९ ला पुण्यातच करून दाखवलंय.

तिसरं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. "आबा, कोलकात्यानंतर गुवाहाटीला चांगली खेळपट्टी दिली ना? काय झालं?" झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आफ्रिकेनं ४८९ केले, आपण २०१ आणि १४०, आणि ४०८ धावांनी हरलो. धावांच्या हिशेबात एवढा मोठा पराभव आपला कधी झाला नव्हता. पण गुवाहाटीनं खेळपट्टी वाईट ठरत नाही, आपलं औषध वाईट ठरतं. त्याच खेळपट्टीवर त्यांचा मुथुसामी शतक काढतो, यान्सन ९३ करतो आणि वर ६ बळी घेतो. म्हणजे तिथं खेळता येत होतं. वर्षानुवर्षं आपल्या फलंदाजांना उखडलेल्या मातीवर वीस-तीस धावांची सवय लावली. टिकून खेळायचं कशाला, कुठल्या तरी चेंडूला जाणारच आहोत, त्याआधी दोन फटके मारून घ्या. ही सवय अंगात मुरल्यावर चांगलं रान दिलं तरी काय पिकणार? सतत रासायनिक खताचा मारा केलेल्या जमिनीला एका वर्षी शेणखत घातलं आणि उतारा आला नाही, म्हणून शेणखताला शिव्या देणारे मी बघितलेत. तसंच हे. एक मात्र सांगतो. गुवाहाटीला हरलो तरी तो सामना मी पाचव्या दिवसापर्यंत बघितला. तिथं सूर्य लवकर मावळतो म्हणून आधी चहा आणि नंतर जेवण, हीसुद्धा गंमत बघितली. पराभव खरा होता. कोण चांगलं खेळलं, याबद्दल मनात शंका राहिली नाही. कोलकात्याला ती राहिली.

कोलकात्याला काय झालं? १५९, १८९, १५३ आणि ९३. चार डावांत एकदाही दोनशे नाहीत. सबंध सामन्यात अर्धशतक एकच, त्यांच्या बावुमाचं, नाबाद ५५. आपल्याला करायच्या होत्या १२४. गिल मानेच्या दुखण्यानं उतरू शकला नाही, हे खरं. सायमन हार्मरनं आठ बळी घेतले. आणि खेळपट्टी आम्हाला पाहिजे होती तशीच मिळाली, असं प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी नंतर स्वतः सांगितलं. मागून घेतलेलं दुखणं म्हणतात ते हेच.

ज्या ईडन गार्डन्सवर हे झालं, तिथंच २००१ च्या मार्च महिन्यात काय झालं होतं ते या कारभाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवावं. ऑस्ट्रेलिया सलग सोळा कसोटी जिंकून आलेली. मुंबईची पहिली आपण तीन दिवसांत हरलेलो. कोलकात्याला त्यांच्या ४४५, आपल्या १७१. फॉलोऑन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण ४ बाद २५४ होतो, अजून वीस धावांनी मागंच. लक्ष्मण १०९ वर आणि द्रविड ७ वर खेळत होता. चौथ्या दिवशी, १४ मार्चला, ते दोघं सबंध दिवस खेळले. एकही बळी पडला नाही. आमच्याकडं ज्वारीची काढणी चाललेली. रेडिओ बांधावर ठेवलेला, आणि दर अर्ध्या तासानं पलीकडच्या रानातून हाळी यायची, "हायती का दोघं?" आणि इकडून उत्तर जायचं, "हायती!" दिवस मावळेपर्यंत "हायती" चाललं होतं. लक्ष्मणच्या २८१, द्रविडच्या १८०, दोघांची भागी ३७६. पाचव्या दिवशी हरभजननं त्यांना उलटवलं आणि १७१ धावांनी जिंकलो. पुढं चेन्नईही दोन गडी राखून, तीही पाचव्या दिवशी.

आता मला सांगा, ती खेळपट्टी आजच्या कारभाऱ्यांच्या मनासारखी केली असती तर चौथा दिवस उजाडला असता का? लक्ष्मण तिसऱ्या दिवशीच बाद झाला असता आणि आपण डावानं हरलो असतो. आपल्या क्रिकेटमधली सगळ्यात मोठी गोष्ट चौथ्या आणि पाचव्या दिवशी घडली. तेच दोन दिवस आपण कापून टाकतोय.

ही खोड नवी नाही. १९८७ ला बंगळूरला पाकिस्तानबरोबर असंच फिरकीचं रान केलं होतं. मनिंदरनं २७ धावांत ७ बळी घेऊन त्यांना ११६ ला गुंडाळलं आणि आपण हरखलो. मग इक्बाल कासीम आणि तौसीफ अहमदनं आपल्यालाच कापलं. गावसकर शेवटच्या डावात ९६ पर्यंत लढला, तरी १६ धावांनी हरलो आणि मालिका गेली. पण तेव्हा अशी गोष्ट क्वचित व्हायची. आता तो धोरणाचा भाग झालाय. २०१९ पासून कसोटीची जागतिक स्पर्धा आली. जिंकलं की १२ गुण, अनिर्णित राहिला की ४. त्यामुळं अनिर्णित सामना म्हणजे पाप झालं. गुणांसाठी माती मारायची. आणि मिळवलं काय? न्यूझीलंडविरुद्धची ती मालिका आणि पुढचा ऑस्ट्रेलिया दौरा घालवून २०२५ च्या अंतिम सामन्यातून आपण बाहेर पडलो. तेलही गेलं, तूपही गेलं.

यात मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मैदानाच्या माळ्याचं. क्युरेटर म्हणतात त्याला. वर्षभर तो त्या मातीजवळ असतो. कुठल्या कोपऱ्यात पाणी मुरतं, कुठं गवत उशिरा धरतं, रोलर सकाळी फिरवायचा की दुपारी, हे त्याला ठाऊक. आणि सामन्याच्या चार दिवस आधी बाहेरून माणसं येतात आणि सांगतात, पाणी बंद कर, इथलं गवत काढ. सामना फसला की लोक शिव्या घालतात त्या माळ्याला. मला यात माझं रान दिसतं. आयुष्यात कधी नांगर न धरलेली माणसं येऊन आम्हाला सांगतात, हे पेरा, ते फवारा. पीक बुडालं की म्हणतात, शेतकऱ्याला शेती कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खेळपट्टी माळ्याच्या हातात ठेवा. सामन्याआधी संघाच्या कुणी माणसानं तिच्या पाण्या-गवताबद्दल हुकूम सोडायचे नाहीत. चौथ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत टिकेल एवढी ती मुरवा. आणि चांगल्या खेळपट्टीवर दोन-तीन मालिका हरावं लागलं तर हरा. जमीन सुधारायची तर दोन-तीन हंगाम उतारा कमी येतो. तेवढी कळ आम्ही शेतकरी काढतो, कोट्यवधी रुपये असलेल्या मंडळानं काढायला काय हरकत आहे?

आमच्यासारखे चाहते निकालासाठी बसत नाहीत. निकाल तर पाच मिनिटांत मोबाईलवर कळतो. आम्ही बसतो ते पडलेला माणूस चौथ्या दिवशी कसा उठतो ते बघायला. आमच्या माणदेशात तीन वर्षांत एकदा पाऊस धड पडतो. पहिली पेरणी वाया गेल्यावर दुसरी करायची हिंमत कुठून येते, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही. बापाकडून थोडं शिकलो आणि त्या बांधावरच्या रेडिओकडून थोडं. आजच्या पोराला ते शिकायचं असेल तर त्याला चौथा दिवस बघायला मिळाला पाहिजे, पाचवा बघायला मिळाला पाहिजे.

पाच दिवस म्हणून जाहीर करता, तर पाच दिवसांची माती द्या. तुम्ही हरलात तरी आम्ही शेवटपर्यंत बसू. आजवर बसलोच आहोत.